धोंड्याचा नेम

मोंढ्यात हळदीच्या पोत्यांची थप्पी घसरली आणि बाबांचा उजवा हात मोडला. दोन हमालांनी त्यांना घरी आणलं. हाड बसवणाऱ्याने हाताला कामट्या बांधल्या आणि महिनाभर हात हलवायचा नाही असं सांगितलं. बाबा मापाडी होते. काटा धरला त्या दिवशी मजुरी, नाही धरला त्या दिवशी नाही.

आमचं घर हिंगोलीला मोंढ्यामागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि एक शेवग्याचं झाड. हळदीच्या हंगामात गल्लीतली सगळी माणसं पिवळी होऊन जात. बाबांचं धोतर, आईच्या हातांची नखं, माझ्या शाळेच्या पुस्तकांच्या कडा, सगळ्यांवर तो रंग चढायचा आणि पावसाळा सरेपर्यंत जायचा नाही. बाबांचा आवाज मोंढ्यातून घरापर्यंत येई. मापाला सुरुवात करताना ते ‘एक’ म्हणत नसत, ‘बरकत’ म्हणत, आणि मग दोन, तीन, चार. आई भाकरी थापता थापता तो आवाज ऐके आणि तव्यावरची भाकरी उलटून म्हणे, अजून पुष्कळ माल आहे, आज उशीर होणार. हात मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मोंढ्यातून दुसऱ्याच माणसाचा आवाज आला. आईने उठून मागचं दार लावून घेतलं. त्या उकाड्यातही ते दार पुढे बरेच दिवस बंद राहिलं.

घरात आम्ही तिघंच होतो. माझ्याहून सात वर्षांनी मोठी ताई आदल्या वर्षी कनेरगावला दिली होती. नाक्याजवळ शेतीवाडीचं घर, नवरा एकुलता एक, त्याचे वडील तो लहान असतानाच गेलेले, आणि घरात राज्य सासूचं. दिवाळसणाला आम्ही जावयाला दिलेलं धोतर त्या बाईंना हलकं वाटलं, तेव्हापासून त्यांनी ताईला माहेरी पाठवलं नव्हतं. आता ताईला चौथा महिना होता. बाईंचा निरोप आला होता, की धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान नीट झाला, तर पोरीला बाळंतपणाला तिकडेच ठेवू. त्या वर्षी जेठ अधिक आला होता, आणि बाबांचा हात मोडला तो अधिक लागायला चार दिवस राहिले असताना. आईची पहिली दोन मुलं बाळंतपणातच गेली होती, ताई तिसरी. ताईचं पहिलं बाळंतपण आपल्या डोळ्यांसमोर व्हावं, यापलीकडे आईला त्या वर्षी काही नको होतं.

हात मोडला त्याच संध्याकाळी बाबांनी डाव्या हाताने ज्वारी मोजली. ती किती दिवस पुरेल हे त्यांना पाहायचं होतं. माप तिरपं होई, दाणे सांडत, आई ते वेचून परत टाकी. कणगीतली ज्वारी मोजून झाल्यावर आईने कोनाड्यातून तांदळाचं गाठोडं काढलं. ताईच्या लग्नातला तांदूळ तिने जपून ठेवला होता. आमच्याकडे तांदूळ म्हणजे सणाची वस्तू. तिने ते गाठोडं खुंटीला टांगलं आणि म्हणाली, “हे घरात न्हाईच असं समजायचं. हे अनारशाचे.” गुळाची ढेपही तिने फडक्यात बांधून त्याच खुंटीला अडकवली. करडईच्या तेलाची बुधली वर फळीवर गेली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. घरात तांदूळ आहे आणि आपण कण्या खातो आहोत, हे मला पुढचा महिनाभर जेवताना रोज समोर दिसत होतं.

आईने कण्या तरी चांगल्या केल्या, हे सांगायला हवं. ज्वारी जात्यावर भरड काढायची, कोंडा पाखडायचा, आणि चुलीवर मंद आचेवर शिजवायची. ताक असलं तर ताक, नसलं तर चिमूटभर येसराचा मसाला पाण्यात उकळून त्याचं पाणी वर. पहिले दोन दिवस मला त्या आवडल्यासुद्धा.

गल्लीने आम्हाला सोडलं नव्हतं. बाबांच्या हाताची बातमी कळली त्याच दिवशी शेजारच्या सखूमावशी वाटीभर आमटी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी अंबाडीची भाजी, तिसऱ्या दिवशी कुणाकडून पिठलं, मग कढी. आम्ही ते खाल्लं आणि बरं वाटलं. पण वाटी आली, की ती रिकामी परत द्यायची नाही, हा आमच्याकडचा नियम. तीत काहीतरी घालूनच द्यायची, निदान दोन शेंगा, चार बोरं, गुळाचा खडा. आईजवळ घालायला काही नव्हतं. घासून पुसून ठेवलेल्या चार वाट्या फळीवर एका ओळीत दिसत आणि आई स्वयंपाक करताना त्यांच्याकडे पाठ करून बसे. चौथ्या दिवशी सकाळी सखूमावशी पाचवी वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा आई म्हणाली,

“आता नका आणू, बाई. उद्यापासून अधिक लागून राहिला. मी नेम धरलाय. महिनाभर परान्न न्हाई.”

“अगं बया. काहून?”

“ह्यांच्या हातासाठी.”

“आन लेकरू?”

आईने माझ्याकडे पाहिलं. “तिनं गोड सोडलं.”

मी गोड सोडल्याचं मला असं कळलं. सखूमावशींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि वाटी पदराखाली झाकून त्या परत गेल्या. आत बाबांनी सगळं ऐकलं होतं.

“मग मी काय सोडलं?” त्यांनी विचारलं.

“तुमी पान-तंबाखू. आन च्या.”

“हात तर बांधलाच हाये, आता तोंडबी बांध,” बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून हसले. त्या महिन्यात ते हसलेलं मला एवढंच आठवतं.

आईची चूक तिच्या लक्षात यायला आठवडा लागला. तिने वाट्या परत करायच्या लाजेतून वाट काढली होती, पण गल्लीने तिचा नेम खरा मानला. आमच्या गल्लीतल्या बायका नेमाच्या बाबतीत फार कडक. सखूमावशी स्वतःच्या नातवंडांना आमच्या ओट्यावर खाऊ घेऊन बसू देत नसत. “नेमकऱ्याचं घर हाये, तिकडं जाऊन खा,” असं ओरडून सांगत. एकदा मी विहिरीवर उभी असताना एकीने मला हरभऱ्याच्या घुगऱ्या दिल्या, तर दुसरीने माझ्या ओंजळीतून त्या काढून घेतल्या. माझा नेम मोडू नये म्हणून. तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती, की मी रडूही शकले नाही.

आणखी एक झालं. नेमकऱ्याच्या घरी अधिकाची पोथी वाचली जावी असं गल्लीला वाटलं, आणि गल्लीत न अडखळता वाचणारी मुलगी मीच. घासलेट वाचवायचं म्हणून संध्याकाळी दिवा लावून वाचणं आईने बंद केलं होतं. माझी दोन पुस्तकं कोनाड्यात पडून होती. त्यामुळे दुपारची पोथी मला हवीहवीशी झाली. बायका ताडाचे पंखे घेऊन येत, ओट्यावर बसत, कुणी वाती वळे, कुणी पेंगे. उठताना प्रत्येक जण पोथीपुढे मूठभर धान्य ठेवी. कधी गहू, कधी मूग, एकदा तर चांगले ओंजळभर तांदूळ. आई ते सगळं फडक्यात बांधून माझ्याच हाती देवळात पाठवी. एकदा बाबा हळूच म्हणाले, “मुगाचं तरी ठेव.” आई म्हणाली, “नेम खोटा असंल, पोथी तर खोटी न्हाई.” माझ्या आईच्या स्वभावाबद्दल मला कुणी विचारलं तर मी हे एक वाक्य सांगते.

पोथीला एके दिवशी कनेरगावकडचा एक गाडीवान येऊन बसला. मोंढ्यात हळद घालून परत निघाला होता आणि सावली पाहून टेकला. आठ दिवसांनी त्याच्याच हाती ताईच्या सासूबाईंचा निरोप आला. असे देवाधर्माचे सोयरे मिळाले हे आमचं नशीब. उद्यापनाला जावई तर येईलच, मी आणि सूनही येऊ. सुनेचं गाठोडं सोबत आणते, सगळं रीतीनं झालं तर ती तिथंच राहील.

निरोप ऐकून आई ओट्याच्या पायरीवर बसली. मग उठून तिने खुंटीवरचं तांदळाचं गाठोडं काढलं.

अनारसे एका दिवसात होत नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. सावलीत फडक्यावर वाळवायचे, दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळून गोळा डब्यात दाबून ठेवायचा. मी कुटायला मदत केली. पीठ उडून ओठांवर बसे. आई म्हणाली नव्हती, तरी मी ते चाटलं नाही, मनगटाने पुसलं. तळायच्या दिवशी आईने बुधली खाली काढली. पहिला अनारसा कढईत सोडला तो हसला, म्हणजे तेलात फुटून पसरला. आई कढईकडे बघत राहिली. मग पिठाला हात लावून पाहिला, थोडं कोरडं पीठ मिसळलं, आणि दुसरा सोडला. त्याला जाळी पडली. घरभर गुळाचा आणि खसखशीचा वास भरला. बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पीठ बरोबर दानाच्या तेहतिसांना पुरलं, शेवटचा जरासा लहान झाला. हसलेल्या अनारशाचा चुरा आईने झाऱ्याने काढून चार वाट्यांत घातला आणि म्हणाली, “जा यमू, ज्याच्या त्याच्या वाट्या देऊन ये.” मी गेले. चारही वाट्यांतला चुरा जसाच्या तसा पोचवला. आज इतक्या वर्षांनी मला त्याचा अभिमान वाटतो, कारण दुसऱ्याच दिवशी मी जे केलं त्याचा कधीच वाटला नाही.

बैलगाडी सकाळी उन्हाच्या आधी आली. आधी दाजी उतरले, मग ताई. तिचं गाठोडं गाडीवानाने ओट्यावर ठेवलं. आईने त्या गाठोड्याकडे आधी पाहिलं आणि ताईकडे नंतर. ताई अंगाने भरली होती, तिच्या केसांना तेल होतं. मागून विहीणबाई उतरल्या. उंच, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. कामट्या चारच दिवसांपूर्वी सोडल्या होत्या. बाबांनी हात उपरण्याखाली घेतला होता, पण विहीणबाईंच्या नजरेतून सुटला नाही.

“काय हो इवाई, हाताला काय झालं?”

“थोडं लागलं होतं. आता बराबर आहे,” बाबा म्हणाले, आणि दाखवण्यासाठी बोटं हलवली.

उद्यापन नीट झालं. आईने दाजींना पाटावर बसवलं, ओवाळलं, तांब्याच्या ताटात अनारसे आणि वर दिवा ठेवून दान दिलं. ताट आईच्या स्वतःच्या लग्नातलं होतं, चिंचेने घासून तिने ते नव्यासारखं केलं होतं. विहीणबाईंनी एक अनारसा उचलून उजेडात धरला, जाळी पाहिली आणि मान डोलावली. आईचे खांदे खाली आले. पाहुण्यांपुरत्या पोळ्या होत्या. आम्ही नेमकरी, आम्ही मागून जेवणार होतो.

जेवणं झाल्यावर विहीणबाई भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी मला जवळ बोलावलं. “तू म्हणे गोड सोडलं होतं. शहाणी गं. आता सुटला तुझा नेम, हे घे.” आपल्या मुलाच्या ताटातला एक अनारसा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला. कसा खाल्ला ते मला ठाऊक नाही, एवढं आठवतं, की तो संपल्यावर मी तळहाताला चिकटलेली खसखस जिभेने टिपली, आणि मग परकरावर पडलेली बोटाने. वर पाहिलं तर विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी दुसरा दिला. दारात आई उभी होती. तिने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. मी पाहिलं आणि तरी खाल्ला.

“सकाळी काय जेवली गं?” विहीणबाईंनी विचारलं.

“कण्या.”

“आन काल?”

“कण्या.”

“परवा?”

मला तेव्हा कळलं की मी काहीतरी उघडं पाडते आहे. “नेमाच्या कण्या होत्या,” मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. पाणी पिते म्हणून उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी तांब्या घेऊन मागे गेले. त्यांनी एक झाकण उचललं, दुसरं उचललं. कणगीत हात घातला, तो कोपरापर्यंत खाली गेला. खुंटीवर तांदळाचं रिकामं फडकं होतं, त्याला त्यांनी बोट लावून पाहिलं. आई मागे येऊन उभी राहिली.

“विहीणबाई,” त्या आईला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज उतरला होता, “असा नेम मीबी धरला होता. पोरगा लहान असताना. तीन वर्सं. त्यात अधिक एकच आला.”

आई खाली बसली.

“पोरीला मी वापस घेऊन जाते,” विहीणबाई म्हणाल्या.

“मान झाला ना सगळा? काही कमी पडलं का?” आईने विचारलं. असा तिचा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

“काही कमी पडलं न्हाई. म्हणून तर.”

बाबा बाहेरून आले. “बाई, हिनं महिनाभर याच्याचसाठी केलं. पोरगी राहू द्या.”

“समजून राहिलं मला, इवाई. पण दोन जिवाची बाई कण्यावर किती दिवस ठेवता? हात तुमचा अजून धड न्हाई. लेकरू माझ्या घरी होऊ द्या.” मग आईकडे वळून म्हणाल्या, “तुमी या. दिवस भरले की मी गाडी धाडते. माय जवळ असली की माहेरच झालं.”

ताईचं गाठोडं पुन्हा गाडीत गेलं. ताई आईच्या गळ्यात पडली नाही. तिने फक्त चुलीजवळ जाऊन आईच्या हाताला हात लावला. गाडी वळेपर्यंत आई ओट्यावर होती. आत आल्यावर ती मला काही बोलली नाही. मारलंही नाही. त्यानंतर ती तीस वर्षं जगली आणि त्या दोन अनारशांचा उल्लेख तिने एकदाही केला नाही. तिने तो करावा असं मला कितीदा वाटलं.

ताईने शेवटच्या आजारात मला एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. त्या दिवशी घरी पोचल्यावर तिच्या सासूने उरलेले एकतीस अनारसे गावात घरोघर वाटले. माझ्या विहिणीच्या उद्यापनाचे आहेत, एवढी मोठी नेमाची बाई, असं सांगत. स्वतः एकही खाल्ला नाही. ताईने विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मला ते घशाखाली उतरायचे न्हाईत.”

बाबांचा हात थोडा वाकडा जुळला, पण जुळला. ते पुन्हा काट्यावर उभे राहिले. दसऱ्याच्या सुमारास विहीणबाईंनी खरंच गाडी धाडली. आई गेली, पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हा दुसरा नियम तिने मोडला नाही. तिने सोबत ज्वारीचं पीठ, मीठ-मिरची आणि तवा नेला. विहीणबाईंच्या अंगणात तीन दगड मांडून ती आपली भाकर आपण भाजायची. विहीणबाई सकाळी उठून त्या चुलीसाठी काटक्या आणून ठेवत. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी ताईला मुलगी झाली. आई तिच्या उशाशी होती. नाळ कापताना दिवा तिने धरला होता. सकाळी विहीणबाईंनी स्वतः ताट वाढून आणलं आणि आईसमोर ठेवलं. आई जेवली.

हे मी हळूहळू लिहिते आहे, कारण हे ज्याच्याकडून तपासून घ्यावं असं माणूस आता राहिलं नाही. आई-बाबा केव्हाच गेले. विहीणबाई गेल्या, मग दाजी. ताई या माघात गेली. मोंढ्यामागच्या घराच्या जागी दुकानं आहेत. ताईची ती मुलगी नांदेडला असते, तिचे गुडघे दुखतात, आणि दर रविवारी ती मला फोन करते.